हिमाखाली गेलेला रस्ता
(इयत्ता ६ वी व ७ वी : भूगोल, गणित व सामान्य विज्ञान यांचा संयुक्त पाठ)

मराठवाड्यातील मुलांस हिमवृष्टीचा पाठ देताना पहिली अडचण येते ती शब्दाची. 'बर्फ' म्हणताच त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो जत्रेतील गोळेवाल्याच्या रंध्यावर घासला जाणारा लादीचा तुकडा. मग हिमालयात अशा लाद्या आकाशातून पडतात काय, असे एखादा विद्यार्थी विचारतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. यास्तव 'हिम' व 'बर्फ' यांतील भेद प्रारंभीच स्पष्ट करावा. घरातील वडील मंडळींस २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आठवत असेल. शिवारे पांढरी झाली होती. परंतु गार म्हणजेही हिम नव्हे. गार घट्ट असते, तर हिम म्हणजे अतिशय सूक्ष्म स्फटिकांचा भुगा असून त्याच्या कणाकणांत हवा भरलेली असते.

हे समजावण्यास कापसासारखे दुसरे साधन या जिल्ह्यात नाही. जिनिंगमध्ये सरकी काढलेला मोकळा कापूस सारी खोली व्यापतो. तोच प्रेसमध्ये दाबला म्हणजे १७० किलोची एक आटोपशीर गाठ होते. हिमाचेही असेच आहे. ताज्या पडलेल्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन बहुधा १०० किलोच्या आतच असते. वाऱ्याने व वरच्या थरांच्या भाराने ते दबत जाते, तसे तेच वजन ४०० किलोपर्यंत पोहोचते. घट्ट बर्फाचे वजन ९१७ किलो भरते आणि पाण्याचे १,०००. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून ठेवावेत; पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

आता रस्त्याकडे वळावे. कन्नड तालुक्यातील मुलांस हा भाग शिकविणे सर्वांत सोपे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे कन्नडच्या घाटात, म्हणजेच औट्रम घाटात, दरडी कोसळून सोलापूर-धुळे महामार्ग बंद पडला होता. चिखल, मुरूम व धोंडे यांनी अडविलेला तो रस्ता यंत्रांनीच मोकळा करावा लागला. जेसीबी व पोकलेन न पाहिलेले मूल आता क्वचितच सापडेल. तीच यंत्रे हिमाचे काम कसे करतात, एवढेच मुलांस दाखवावयाचे आहे. परिचितापासून अपरिचिताकडे जाण्याचा हा मार्ग येथे आयताच मिळतो.

उदाहरणासाठी झोजीला खिंड घ्यावी. श्रीनगर-लेह मार्गावरील ही खिंड सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून दुपटीपेक्षा अधिक उंच आहे. काश्मीर खोऱ्यातून द्रास, कारगिल व लेह येथे जाणारी वाट तीतूनच जाते. पूर्वी हिवाळ्यात ती पाच-सहा महिने बंद राहत असे. २०२३ साली ६८ दिवसांनंतर, १६ मार्च रोजी, आणि २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांनंतर, १ एप्रिल रोजी, ती खुली झाली. हे काम सीमा रस्ते संघटनेचे. या संघटनेची स्थापना ७ मे १९६० रोजी झाली असून तिच्या दलाचे प्रशिक्षण केंद्र पुण्याजवळ दिघी येथे आहे, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी.

येथे गणिताचा तास सुरू होतो. रस्ता १ किलोमीटर लांब, ६ मीटर रुंद व त्यावर ३ मीटर हिम आहे असे धरावे. घनफळ निघते १८,००० घनमीटर. दबलेल्या हिमाचा ४०० किलोचा आकडा घेतल्यास वजन ७,२०० टन होते. दहा टन वाहणाऱ्या मालमोटारीच्या ७२० खेपा! मुले हा आकडा स्वतः काढतील तेव्हा 'भुसभुशीत हिम हलके असते' हा समज त्यांच्या मनातून आपोआप जाईल. मात्र प्रत्यक्षात हे हिम मोटारीत भरून नेत नाहीत. ते दरीच्या बाजूस ढकलतात अथवा फेकतात. शिवाय दरड एकदा उचलली की रस्ता निदान काही काळ मोकळा राहतो, परंतु हिम आज काढले तरी रात्रीतून पुन्हा पडते. वजनापेक्षाही ही पुनरावृत्तीच त्या कामगारांस अधिक थकविते.

यंत्रांविषयी थोडक्यात सांगावे. बुलडोझरचे पाते हिम लोटते. त्याला चाकांऐवजी पोलादी पट्टे असतात, ज्यांस गावकरी 'चेन' म्हणतात. चिखलात गाडीचे चाक रुतते, पण फळी टाकली म्हणजे रुतत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक असते. चेनचे कार्य त्या फळीचे आहे. दुसरे यंत्र हिम कापणारे. त्याची फिरती पाती हिम आत ओढतात आणि धुराड्यासारख्या नळीतून दूर फेकतात. परंतु डोंगरावरून घसरून आलेल्या हिमात दगड व झाडे मिसळलेली असतात. तेथे ही पाती मोडण्याची भीती असते, म्हणून अगोदर बुलडोझर घालावा लागतो. थंडीचा त्रास यंत्रांसही होतो. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते, तसे साधे डिझेलही कडाक्याच्या थंडीत साकळते. त्यासाठी इंडियन ऑइल कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखकरिता उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत न गोठणारे डिझेल आणले.

दुसऱ्या तासिकेस एक प्रयोग करावा. परातीत ज्वारीची उतरती रास करून तिच्या पायथ्याची ज्वारी चमच्याने हळूच काढावी. वरचे दाणे घसरत खाली येतात. डोंगरउतारावर साचलेल्या हिमाच्या पायथ्याशी यंत्र चालविणाऱ्या माणसाची स्थिती अशीच असते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका विशेष असतो. कंपासपेटीतील कोनमापकाने राशीचा उतार मोजून घ्यावा.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात बद्रीनाथजवळील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. सैन्याच्या व इतर पथकांच्या प्रयत्नांनी ४६ जण वाचले. ८ जण मृत्युमुखी पडले. ऊसतोडीस वा रस्त्याच्या कामावर परमुलखी जाणाऱ्या आईबापांची मुले ज्या वर्गात असतील, तेथे ही माहिती सावकाश, आवाज न चढविता सांगावी व त्यानंतर मुलांस काही विचारावयाचे असल्यास त्यासाठी वेळ राखून ठेवावा. तासिका संपत आली असल्यास स्वाध्याय दुसऱ्या दिवशी द्यावा: हिमाचा थर ३ ऐवजी ५ मीटर असता वरील रस्त्यावरील वजन किती टन होईल, आणि दिवसाला अर्धा मीटर नवे हिम पडत राहिल्यास त्याचे काय करावे लागेल?