वेड रोडवरच्या भाच्याला

डिंडोली, सुरत



परवा उधना स्टेशनवर तुझे थोरले काका भेटले. भुसावळकडची गाडी उशिरा होती, म्हणून बाकावर बसून सगळं सांगून मोकळे झाले. धुळ्याची आयटीआय तू दुसऱ्या वर्षात सोडलीस. वेड रोडवर ओडिया पोरांच्या खोलीत राहतोस, रात्रपाळीला लूम्सवर जातोस, आणि आता मुकादमाकडून चाळीस हजारांची उचल घेणार आहेस. कशासाठी, तर वराछात हिरे घासायला शिकवणाऱ्या क्लासची फी भरायला! सख्खा मामा याच शहरात राहतो आणि त्याला ही बातमी रेल्वेच्या फलाटावर कळते. मामीने त्या दिवसापासून तुझ्या नावाने जे सुरू केलंय ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

काकांनी तुझं एक वाक्यही सांगितलं: “काठियावाडी उपाशी आले आणि करोडपती झाले, मग आपणच काय पाप केलंय?” प्रश्न चांगला आहे. महापालिकेच्या मराठी शाळेत आयुष्य घालवलेल्या मास्तरला असा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर त्याने शाबासकी दिली असती. पण प्रश्न विचारून उत्तर न ऐकता पळणाऱ्या पोराचा त्याला नेहमीच राग आलाय. तेव्हा आता बस आणि ऐक.

दुधाळा हे काठियावाडातल्या, म्हणजे सौराष्ट्रातल्या, अमरेली जिल्ह्यातलं, लाठी तालुक्यातलं गाव. तिथून गोविंद ढोलकिया १९६४ मध्ये सुरतेत आले आणि घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, हिरे घासायला बसले. १९७० मध्ये त्यांनी भागीदारीत स्वतःचं काम सुरू केलं, आणि २०२४ मध्ये ते राज्यसभेवर गेले. त्याच गावचे सवजी ढोलकिया चौथीपर्यंत शिकलेले. ते १९७७ मध्ये आले. २०१६ च्या दिवाळीला त्यांनी कामगारांना चारशे फ्लॅट आणि १,२६० मोटारी दिल्याची बातमी देशभर गाजली. तुझ्या मोबाइलमध्ये तोच व्हिडिओ फिरतोय, असं काका म्हणाले. व्हिडिओ खरा आहे, पण तो मोटारीच्या चावीपासून सुरू होतो. त्याच्या आधीचं कुणी चित्रित केलेलं नाही.

आधीचं असं आहे. स्वातंत्र्यानंतर ढेबरभाई सौराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना १९५१ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला. गिरासदारांच्या जमिनी कसणारे लेउवा पटेल त्या कायद्याने जमिनीचे मालक झाले. पुढे दुष्काळ पडले, विहिरी आटल्या. पटेलांची पोरं सुरतेला निघाली तेव्हा मागे शेत होतं, शेतावर बाप होता आणि बापाला गावात पत होती. सवजीभाईंनीही धंदा काकांकडून घेतलेल्या कर्जावर उभा केला, असं सांगतात. वराछा-कतारगाममध्ये नवा पोरगा उतरला की गावचा कुणीतरी त्याला आपल्या शेजारच्या घंटीवर बसवायचा, शिकेपर्यंत खायला घालायचा. मुंबईचे पालनपुरी व्यापारी लाखमोलाचा कच्चा माल पावतीशिवाय हातात द्यायचे, ते त्या एका पोराकडे बघून नव्हे. एकाने खडा पळवला तर अख्ख्या गावाचं काम बंद पडेल, या हिशेबाने. सगळ्या पंचक्रोशीचं तारण ठेवून चाललेला धंदा होता तो.

भाच्या, तुझ्या चाळीस हजारांच्या मागे कोण उभं आहे? मुकादम. फरक एवढाच आहे, पण तोच सगळा आहे. काकाचं कर्ज बुडालं तर काका वर्षभर बोलत नाही आणि मग पुतण्याच्या लग्नात येतो. मुकादमाची उचल बुडाली तर ती बुडत नाही. ती फेडायला माणूस तिथेच राहतो.

आणि सगळे पटेल शेठ झाले, हेही कुणी सांगितलं तुला? २०१५ मध्ये पाटीदार आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा वराछा त्याचा बालेकिल्ला होता. ज्यांच्या मोटारी तू बघतोस त्याच समाजातली पोरं रस्त्यावर येऊन नोकरीत राखीव जागा मागत होती. कारण उघड आहे. एका शेठमागे शेकडो रत्नकलाकार, म्हणजे हिरे घासणारे कारागीर, असतात आणि त्यांची मजुरी खड्यावर ठरते. २००८ च्या मंदीत कारखान्यांना कुलपं लागली आणि हजारो घरं काठियावाडला परतली. आताचं तर तुझ्या डोळ्यांसमोर आहे. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २२ अब्ज डॉलरचे पैलूदार हिरे निर्यात झाले, २०२४-२५ मध्ये तेरा अब्जांवर आले. चीनची मागणी आटली, प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने भाव पाडले, वर २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने पन्नास टक्के कर लावला. डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटन केलेल्या सुरतच्या डायमंड बोर्समध्ये चार हजारांवर कार्यालयं आहेत, पण मुंबईचे व्यापारी तिकडे हलायला फारसे राजी झाले नाहीत. अशा वेळी ज्यांच्या तीन पिढ्या घंटीवर गेल्या ते आपल्या पोरांना दुसरं काही शिक म्हणताहेत, आणि आमचा भाचा उचल घेऊन आत शिरतोय!

बरं, ज्यांच्या खोलीत राहतोस त्यांच्याकडे तरी नीट बघतोस का?

वेड रोड, फुलवाडी, पांडेसरा इथल्या मेसमध्ये राहणारे बहुतेक जण गंजाम जिल्ह्याचे. पटेल निघाले त्यानंतर थोड्याच वर्षांत हेही घरातून निघाले आणि याच शहरात उतरले. मेहनतीत तसूभर कमी नाहीत. बारा तासांची पाळी, एकाच्या माथी डझनभर लूम्स, मजुरी मीटरवर. मीटर बंद तर मजुरी बंद, मग वीज गेलेली असो की कारागीर तापाने फणफणलेला असो. दिवसपाळीचा उठतो त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन झोपतो. तू आता नेमका कुणाच्या उठलेल्या जागेवर झोपतोस, हे तुझ्या आईला कळलं तर काय होईल, याचा विचार मामा करतही नाही.

त्या माणसांचं सगळं गावाकडे आहे. बायको-पोरं गंजामला, मत गंजामला, पक्कं घरही गंजामलाच. सुरतेत त्यांच्या नावावर खाटसुद्धा नाही. त्यामुळे शहराला त्यांची पर्वा करण्याचं कारण उरत नाही. १० एप्रिल २०२०, लॉकडाऊनमधला शुक्रवार. लसकाण्यात ही पोरं घरी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर आली, जाळपोळ झाली, पोलिसांनी धरपकड केली. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा गंजामच्या जगन्नाथपूर स्टेशनावर उतरलेल्या या लोकांना तिकिटाचे पैसेही स्वतःच भरावे लागल्याच्या तक्रारी झाल्या. आणि काही महिन्यांनी लूम्स ओस पडल्या तेव्हा मालकांनी त्यांनाच तिकिटं काढून परत बोलावलं. पटेलाच्या मागे गाव इथपर्यंत आलं. यांच्या मागे फक्त गावाची ओढ आली. हिंमत दोघांची सारखीच, असं मामाचं ठाम मत आहे.

अशी उदाहरणं जगभर सापडतील. इटलीत इजिप्तचे लोक मिलानमध्ये पिझ्झाची दुकानं चालवतात, तर सेनेगलचे लोक कारखान्यांत राबून आपल्या सूफी पंथाच्या तूबा या पवित्र नगरीला पैसे पाठवतात. कोण कुठे पोचला हे नुसत्या अंगमेहनतीने ठरत नाही, आणि जातीच्या गुणानेही ठरत नाही. ‘आपल्या लोकांत धंद्याची अक्कलच नाही’ असं म्हणणाऱ्या काकांचंही मामाला तितकंच हसू येतं.

आता आपलं घे. आपण खानदेशी या दोघांच्या मधे कुठेतरी आहोत.

तुझ्या आईचे आजोबा बारडोलीच्या साखर कारखान्याच्या उसाला आले ते कोयता घेऊन. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम दिवाळीआधी धुळ्याच्या खेड्यात यायचा, उचल द्यायचा आणि जोडीला बांधून आणायचा. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या या ऊसतोड मजुरांवर आयुष्यभर लिहिलंय. त्याने दाखवलं की गावात हळपती मजूर हात जोडून उभे असताना मालक मुद्दाम परगावचे खानदेशी आणायचे, कारण उचलीने बांधलेला परका माणूस तोंड वर करत नाही. मामाने त्याचं पुस्तक वाचलं तेव्हा त्याला आपल्याच आजोबांची गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं. पोरा, या घराने उचल घेतलेली आहे. तिची चव आपल्याला माहीत आहे. नवी नाही ती.

पुढे अमळनेरची प्रताप मिल गेली, जळगावची खानदेश मिल गेली, आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने माणसं सुरतेला येऊ लागली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, सगळी स्टेशनं एका रुळावर. जवळ असल्यामुळे आपण बायका-पोरांसकट आलो. ओडिया कारागिराला जे जमलं नाही ते आपल्याला यामुळे जमलं. लिंबायत, नवागाम, डिंडोलीत प्लॉट घेतले, रेशनकार्डं काढली, पोरांना महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं. सात माध्यमांतून प्राथमिक शाळा चालवणारी महापालिका आहे ही. मराठी आहे, तेलुगू आहे, आता ओडियाही आहे. श्रावणात कानबाई बसते तेव्हा डिंडोलीत धुळ्यापेक्षा जास्त गर्दी होते, असं मामी छातीवर हात ठेवून सांगते.

माणसं एका जागी राहिली, मग मतंही एका जागी पडली. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील २०१२ पासून सलग निवडून येताहेत. जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्रीचे सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आहेत. २०१९ मध्ये ६,८९,६६८ मतांनी जिंकले, त्या निवडणुकीतलं देशातलं सर्वांत मोठं मताधिक्य; आज केंद्रात मंत्री आहेत. त्यांचं शिक्षण काय आहे ठाऊक आहे? सुरतची आयटीआय. पुढे पोलिसात शिपाई झाले, आणि वडीलही पोलिसातच होते. म्हणजे पाठीशी कुणीतरी होतंच, हे इथेही लक्षात ठेव.

मात्र एक खरं आहे: आपल्यात नगरसेवक झाले, शेठ फारसे झाले नाहीत. रिंग रोडच्या कापड मार्केटात दुकान दुसऱ्याचं, कापडाचा पोटला उचलणारा आपला. साडीवर स्टोन चिकटवणाऱ्या, घरबसल्या नगावर धागा कापणाऱ्या बायका आपल्या, आणि त्या मजुरीचा भाव ठरवणारा तिसराच. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांपैकी काहींनी तरी स्वतःच्या लूम्स टाकल्या. कसब घरचं होतं. आपल्याकडे घर आलं, भांडवल आलं नाही. तुझ्या रागाचं मूळ इथे असेल तर तो राग मामाला मान्य आहे. उचल मान्य नाही.

मामा सतराव्या वर्षी आला तेव्हा त्यालाही असंच वाटायचं. उधन्याच्या लूम्सच्या खात्यात बॉबिन भरायला लागला आणि पहिल्या पगाराच्या आधी उचल घेतली, मनगटी घड्याळासाठी. ती फिटेपर्यंत गावी पैसे गेले नाहीत. त्या वर्षी कापूस वेचायला माणूस नव्हतं म्हणून घरच्यांनी एका पोरीला सातवीतून काढलं. गणितात ती मामापेक्षा हुशार होती. पुढे मामा रात्रशाळेत गेला, डी.एड. झाला, मास्तर झाला, शेकडो पोरींचे दाखले त्याने स्वतःच्या हाताने भरले. ती पोरगी तुझी आई. तिने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. ती मागते एकच, तू तो इलेक्ट्रिशियनचा कोर्स पुरा करावास. चुकून काही कडक लिहिलं गेलं असेल तर ते या घड्याळाच्या खात्यावर टाक.

व्यवहाराचं एवढंच. जुन्या लूम्स भंगारात जाताहेत, वॉटरजेट आणि रॅपियर येताहेत, एम्ब्रॉयडरीची यंत्रं संगणकावर चालतात, आणि ती बिघडली की इलेक्ट्रिशियनला शोधत मालक स्वतः फिरतो. सचिनच्या जीआयडीसी वसाहतीत मामाचे जुने विद्यार्थी आहेत, ते अप्रेंटिसशिपचं बघतील. उचल घेतली नसशील तर उत्तम. घेतली असशील तर आकडा खरा सांग. मामा मुकादमाकडे तुझ्याबरोबर येईल आणि चुकती करेल. ते पैसे परत द्यायचे की नाही, हे आपण मामा-भाचे नंतर कधीतरी भांडून ठरवू. आयटीआयत परत बसवून घेण्यासाठी काय अर्ज करावा लागतो तेही विचारून ठेवलंय. आणि हिरेच घासायचे असतील, तर प्रमाणपत्र हातात घेऊन ये. वराछात एका पटेल मास्तरांशी मामाची पंचवीस वर्षांची ओळख आहे, ते फी न घेता घंटीवर बसवतील.

तुला बोलावणं पाठवायचं म्हटल्यावर मामी अहिराणीत एवढंच बोलली, “पोर्‍याले घर लई या.” खोलीतल्या त्या ओडिया मित्रांनाही आण, भरीत-भाकरी आणि दराब्याचे लाडू आहेत, आणि मागची खोली रिकामीच आहे. रविवारी सकाळी मामा वेड रोडच्या नाक्यावर येऊन थांबेल. बॅग भरून ठेव, आणि त्याआधी आज रात्री पाळीवर जाण्यापूर्वी आईला एक फोन कर.

तुझा,
मामा