माकडताप : समज आणि वस्तुस्थिती

काशीमीरा हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगतचा परिसर. येथील अनेक कुटुंबांची मूळ गावे कोकणात असून शिमग्याला, काजूच्या हंगामात गावी जाण्याचा परिपाठ आजही चालू आहे. म्हणूनच सिंधुदुर्गात आढळलेल्या माकडतापाची शास्त्रीय माहिती आपणांस असणे अगत्याचे आहे.

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली व आसपासच्या गावांत तापाची साथ उद्भवली. प्रथम पीतज्वराची शंका घेण्यात आली. परंतु पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू नवा असल्याचे दाखवून दिले. पुढे २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी, २०१६ मध्ये दोडामार्ग आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात या तापाचे रुग्ण आढळले.

नावामुळे दोष माकडाच्या माथी येतो. प्रत्यक्षात या विषाणूचा वाहक आहे गोचीड. माकड हे माणसाप्रमाणेच या रोगाचे बळी होय. ते मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी जमिनीवर गळतात आणि तेथे वावरणाऱ्या माणसास चावतात. म्हणून माकडांना मारणे वा हुसकावणे हा उपाय नव्हे. मृत माकड ही निसर्गाने दिलेली पूर्वसूचनाच समजावी. त्यास स्पर्श न करता वन वा आरोग्य खात्यास त्वरित कळवावे.

जंगलात किंवा काजूच्या बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत, उघड्या त्वचेस गोचीडप्रतिबंधक तेल लावावे, पाचोळ्यावर बसू नये. घरी परतताच गरम पाण्याने स्नान करावे व कपडे गरम पाण्यात धुवावेत.

गोचीड चावल्यानंतर साधारणतः ३ ते ८ दिवसांत अचानक तीव्र ताप, डोकेदुखी, असह्य अंगदुखी, उलट्या, क्वचित नाक व हिरड्यांतून रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. ती डेंग्यूसारखीच भासतात. मात्र डेंग्यू आणि लेप्टो यांचा जोर पावसाळ्यात, तर माकडतापाचा डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. यास्तव गावाहून परतल्यावर ताप आल्यास ‘आम्ही बागेत, रानात गेलो होतो’ हे एक वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने योग्य रक्ततपासणीची दिशा मिळते. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नयेत.

या रोगावर खास औषध नाही. शंभर रुग्णांपैकी सुमारे ३ ते ५ दगावतात. परंतु वेळीच रुग्णालयात आणल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. हा ताप माणसाकडून माणसास होत नाही, त्यामुळे आप्तांनी निःशंक मनाने रुग्णाची शुश्रूषा करावी. भीती नव्हे, जागरूकता हाच खरा प्रतिबंध होय.