मोडलं कुठं, बिघडलं कुठं

मूलला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरचे पंप आणि पंखे, पाऊस लांबला की धानाच्या मोटारी, एरवी मिक्सर आणि ड्रिल. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बंद पडलेल्या वस्तू उघडून बघितल्यावर बिघाड शोधणं आपल्याला जमतं, असा एक माज अंगात येतो. माझा तो माज नऊशे ग्रॅमच्या एका विमानानं उतरवला.

विमानाचं खूळ भाच्याचं. कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान मुंबईत मांडलं होतं. भाचा म्हणाला, “मामा, थे माणसं बसवते, आपुन बिनमाणसाचं तं करू शकतो ना जी?” आता मोटारी गुंडाळणाऱ्या मामानं याला नाही कसं म्हणायचं! फ्लेक्सवाल्याकडचं फोमबोर्ड, ग्लू गन, हजार केव्हीची ब्रशलेस मोटार, चार छोटे सर्व्हो आणि तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणली. पंख चार फूट लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. आकाशात नीट दिसावा म्हणून तो काळा रंगवला. या काळ्या रंगाकडे पुढे यायचंच आहे.

उडवायचं कुठं, हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही. मूलचं वनपरिक्षेत्र ताडोबाच्या बफरमध्ये येतं, तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचा विचारसुद्धा करू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंतचं यंत्र ‘मायक्रो’ गटात मोडतं. हौसेसाठी उडवताना पायलटचा परवाना लागत नाही, पण जागा ग्रीन झोनमध्ये हवी आणि उंची ४०० फुटांच्या आत. डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा नकाशा आधी बघायचा. आणि नकाशात नसलेलं एक काम: पोलीस पाटलांना सांगून ठेवायचं. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत पोलिसांची ड्रोनं लोकांनी पाहिलेली आहेत, वर काही भुणभुणलं की माना वळतात. आम्ही सावली तालुक्यात बहिणीच्या शेतावर गेलो. धान निघाल्यावर बांध्या मोकळ्या, जमीन सपाट आणि बघायला अर्धं गाव.

जानेवारीत पहिल्यांदा उडालं. उडालं म्हणजे नाक वर करून चढलं, मी रिमोटची काडी पुढे ढकलली तशी बुडी मारली, ओढली तशी पुन्हा नाक वर. असे तीन-चार हेलकावे खाऊन तीसेक फुटांवर थबकलं आणि डाव्या अंगावर कोसळलं. पोट्टे धावले. भाच्यानं दुपट्ट्यात सगळे तुकडे गोळा केले, बहिणीनं चहा केला आणि त्याच रात्री मी दुरुस्तीला बसलो.

खरी चूक ती. पंख मोडला होता म्हणून मी पंख जोडला. बुरडाकडून बांबूची कमची आणून आत घातली. शेपटी हलत होती म्हणून तिला भरपूर गोंद आणि टेप लावला. काम इतकं सुबक झालं की दुकानात येणाऱ्याला काढून दाखवत होतो. पुढच्या रविवारी विमान तसंच पडलं, फक्त आणखी लवकर.

आमच्या धंद्यात मोडणं आणि बिघडणं हे दोन वेगळे शब्द आहेत. पंख्याचं पातं मोडतं ते डोळ्याला दिसतं, बिघाड मात्र आत वाइंडिंगमध्ये असतो. गिऱ्हाइकाला हे मी रोज समजावतो आणि स्वतः मात्र मोडलेलं जोडत बसलो होतो. बिघाड तोलाचा होता. विमान शेपटीकडे जड होतं. तपासायची रीत सोपी आहे: बॅटरी जागेवर ठेवायची, पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे आमच्या पंखाला पाच-सहा सेंटिमीटरवर, खालून दोन बोटं लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकायला हवं. आमचं शेपटीवर बसलं. त्यात माझ्या दुरुस्तीची भर. शेपटी त्या बिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब आहे, म्हणजे मागे २० ग्रॅम गोंद लागला की पुढे ६० ग्रॅम वजन हवं. धान मोजायच्या काट्यावर आयुष्य गेलेल्या भाऊजींना हे मी सांगायच्या आधी कळलं. “शेपटीले एवढं काहून लावलं जी?” एवढंच ते म्हणाले. म्हणून सांगतो, शेपटीकडची दुरुस्ती कंजूषपणे करा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर तोल नव्यानं बघा.

बॅटरी पुढे सरकवली आणि विमान खरोखर उडालं. दोन रविवार छान गेले. मार्चमध्ये ते उजव्या वळणात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. या वेळी मी शहाणा झालो होतो, जोडायच्या आधी तपासत होतो. टेबलावर सगळं चोख. काडी हलवली की पंखाची झडप हलत होती, उजवी-डावी बरोबर होती. अर्धा दिवस मी रिमोटलाच दोष देत राहिलो. भाच्यानं सहज झडप बोटानं दाबून धरली आणि म्हणाला, “मामा, आता काडी हलवा.” आतून ‘टक’ असा आवाज आला आणि झडप जागची हलली नाही. सर्व्हो उघडला तर नायलॉनच्या चाकाचे दोन दात गेलेले. आपटल्याशिवाय असे दात जात नाहीत, म्हणजे ते जानेवारीतच गेले असणार. वारा कमी होता तोवर उरलेल्या दातांवर चाललं.

मला याची जास्त लाज वाटली. रिकामी मोटार बाकावर फिरते म्हणजे विहिरीतलं पाणी उचलेल असं नाही, हे माझंच वाक्य. आपटलेल्या विमानाचं सगळं असंच भार देऊन बघायचं. झडप बोटानं दाबून धरायची, खेळण्यासारखी नुसती हलवायची नाही. मोटारीचा दांडा बघायला एका काडीचं टोक पात्याच्या टोकाशी धरायचं आणि पातं हातानं हळू फिरवायचं. एक टोक काडीला घासलं आणि दुसरं सुटलं, तर दांडा वाकलाय किंवा पातं नीट बसलेलं नाही. आणि पात्याला केसाएवढी चीर दिसली तरी ते फेकायचं. ते मिनिटाला हजारो फेरे फिरतं, तुटलं तर तुकडा डोळ्यात जातो. चिकटवलेलं पातं लावणारे दोन महाभाग मला माहीत आहेत. त्यांना मी माझ्या दुकानात मोटार सुरू करू देत नाही.

पुढची वेळ एप्रिलच्या शेवटी आली. चंद्रपूरचा एप्रिल. सकाळी अकरा वाजता पारा ४४ वर. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या जानेवारीतल्या सकाळपेक्षा ४५ अंशांत ती सुमारे १० टक्के हलकी असते, तोलून धरायला विमान जास्त जोरानं पळवावं लागतं. हे मला वाचून माहीत होतं, म्हणून मी वेग ठेवून वळलो. वळताना डावा पंख सरळ निघून आला.

तुकडे जिथं पडतात तिथं ते काहीतरी सांगत असतात. सगळे एका ढिगात असतील तर विमान नाकावर आलं. लांब ओळीत पसरले असतील तर जमीन घासत गेलं. आणि एखादा तुकडा बाकीच्यांच्या बराच मागे पडला असेल, तर तो हवेतच सुटला. आमचा डावा पंख चाळीस पावलं मागे होता. सांधा पाहिला तर दोन्ही बाजू गुळगुळीत, तव्यावरून पोळी सुटावी तशा. गोंदानं फोमचा थर सोबत ओरबाडून आणला असता तर गोंद टिकला आणि फोम हरला असं म्हटलं असतं. इथं गोंदच सुटला होता. ग्लू गनचा गोंद ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि आमचा काळा पंख तासभर उन्हात ठेवलेला होता. तेव्हापासून पंखाची वरची बाजू पांढरी, काळे पट्टे फक्त खालून. पंखाच्या सांध्याला पॉलियुरेथेनचा गोंद, तोही रात्रभर वजनाखाली ठेवून. झटपट चिकटणारा साधा सुपरग्लू थर्मोकोलला लावू नका, तो थर्मोकोल खातो.

पण ही सगळी शहाणपणाची पाहणी मी नंतर केली. त्या दिवशी आधी वेगळंच घडलं. आम्ही मागे पंख बघत होतो तेव्हा पोट्ट्यांनी विमानाचं धड उचलून धुऱ्यावरच्या पळसाच्या सावलीत ठेवलं. बॅटरी आतच, वायर जोडलेली, नाक चेपलेलं. दहाएक मिनिटांनी ‘श्शी’ असा आवाज आला, मग गोडसर वासाचा पांढरा धूर, मग जाळ. वाळलेलं गवत पेटायला किती वेळ लागतो! भाऊजींनी पळसाच्या ओल्या फांद्या तोडल्या आणि आम्ही सगळे झोडपत सुटलो. धुऱ्याच्या पलीकडे कोरडा नाला होता, त्याच्या वाळूनं आम्हाला वाचवलं. नाल्यापलीकडे सागाचं जंगल, खाली गुडघाभर पाचोळा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आमच्याकडे वणव्याचा हंगाम. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखाली लावलेल्या आगी पसरतात म्हणून वन विभाग गावोगाव सांगत फिरतो, आणि आम्ही खेळण्यानं जंगल पेटवणार होतो.

म्हणून विमान पडलं की पहिलं काम पंखाकडे धावणं नाही. काडी खाली ओढून मोटार बंद करायची आणि बॅटरीची वायर काढायची. बॅटरी मोकळ्या मातीवर, गवतापासून लांब ठेवून अर्धा तास तिच्याकडे लक्ष द्यायचं. धूर येत असेल तर हात लावायचाच नाही, वाळू टाकायची. एक बादली वाळू आमच्यासोबत आता नेहमी असते. बॅटरी दबली किंवा फुगली असेल तर ती संपली, तिला पुन्हा चार्जर दाखवायचा नाही. वरून ठीक दिसली तरी तिन्ही सेल वेगवेगळे मोजायचे. भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. एखादा इतरांच्या मागे राहिला तर बॅटरी बाद. अठराशे-दोन हजारांची वस्तू टाकताना जीव कळवळतो, माझाही कळवळला. फेब्रुवारी ते जून आम्ही आता उडवतच नाही.

बॅटरी बाहेर आली की मोबाईलवर फोटो काढायचे, तुकडे आहेत तिथंच ठेवून, चारही बाजूंनी. मग उचलायचे.

नवं विमान दिवाळीनंतर बांधलं, आतापर्यंतचं सर्वांत चांगलं. दुसऱ्याच उड्डाणात त्यानं रिमोटचं ऐकणं सोडलं. रिसीव्हरची तार मी कार्बनच्या दांड्याला चिकटवून ओढली होती आणि कार्बन रेडिओलहरी अडवतो. तरीही ते समोरच्या बांधीत पडलं असतं, पण फेलसेफ लावायचं राहिलं होतं. सिग्नल तुटला की मोटार आपोआप थांबावी, ही ती सोय. जमिनीवर विमान घट्ट धरून रिमोट बंद केला की एका मिनिटात तपासता येते. आम्ही तपासली नव्हती. मोटार चालूच राहिली आणि विमान नाला ओलांडून सागावरून निघून गेलं.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. भाचा नाल्यात उतरलासुद्धा. भाऊजींनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि वाळूकडे बोट दाखवलं. पंज्याचे ठसे होते, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. मोहफुलांना, तेंदूपत्त्याला, बांबूला गेलेली माणसं आमच्या जिल्ह्यात वाघानं मारली आहेत. चार हजारांच्या विमानासाठी कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला कळवून ठेवलं, तोही म्हणाला, राहू द्या.

विमान मोहाच्या झाडावर अडकलंय असं गुराखी सांगतात. वानरांनी शेपटी उपटून नेली म्हणे. तिला या वेळी मी मोजून चार ग्रॅम गोंद लावला होता.