न घाबरणाऱ्या मुलाचं समुद्रकाठी काय करायचं?

चार वर्षांचं मूल समुद्राला घाबरत नाही, याचं आपल्याकडे फार कौतुक. आमच्याकडेही झालं. दापोलीजवळच्या मुरुडच्या पुळणीवर माझ्या भाचीला पहिल्याच लाटेनं आडवं केलं. ती नाकातोंडातलं पाणी फुरफुरत उठली आणि खदखदून हसली. काकू म्हणाली, "झाशीची राणी आहे गं अगदी!" टाळ्या पडल्या. पुढच्या लाटेला पोरगी आणखी दोन पावलं आत. टाळ्या मिळाल्यावर कुठलं मूल मागे येतं?

ओहोटी लागली होती. मुरुड-कर्द्याचा किनारा सपाट, उतार इतका मंद की पाणी ओसरू लागलं की बघता बघता लांब जातं. मुलं पाण्यामागून जातात. सुरूच्या सावलीतली चटई आणि तिच्यावरची माणसं जागच्या जागी. कुणी कैरी चिरत होतं, कुणी फोटो काढत होतं, आणि पोरीकडे दुसऱ्याचं लक्ष आहे असं प्रत्येकजण धरून चालला होता. तेवढ्यात घोडागाडीवाल्यानं हाक दिली, "ताई, पोरीला घ्या, पाणी ओढतंय!" वळून बघितलं तर ती दिसत होती, पण उभी नव्हती. परतणाऱ्या लाटेनं पायाखालची वाळू काढून घेतली होती. दादानं धावत जाऊन फ्रॉकला धरून तिला उचललं. त्याच्या जेमतेम गुडघ्याएवढं पाणी होतं ते. एवढ्या वेळात ती ना ओरडली, ना तिनं हात हलवले. बुडणारं माणूस "वाचवा" म्हणतं ते सिनेमात. तोंडात पाणी असलं की आवाज निघत नाही.

खोकून, ओकून झाल्यावर तिनं मला विचारलं, "आत्या, परत जायचं?"

वहिनी रडायला लागली. मला तो प्रश्न अगदी सरळ वाटला. रांगणाऱ्या बाळांनासुद्धा काठाची भीती असते. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 मध्ये काचेखाली खोल दरीचा भास तयार करून हे दाखवलं. आई पलीकडून बोलवत असतानाही बहुतेक बाळं त्या काचेवर गेली नाहीत. पण पुळणीला काठच नसतो. घोटा, पोटरी, गुडघा असं पाणी गोडीगोडीनं चढत जातं. मुलानं घाबरावं तरी नेमकं कुठे?

म्हणून बागुलबुवा दाखवून उपयोग नाही. मूल एक तर ऐकत नाही, नाहीतर आयुष्यभर पाण्याला भितं, आणि दुसरं मला पहिल्याइतकंच वाईट वाटतं. त्याच्याकडे नाही ती भीती मोठ्यांनी आपल्याकडे ठेवायची. आमच्याकडे आता पाळी असते. अण्णांची पांढरी टोपी ज्याच्या डोक्यावर, तो पहारेकरी. त्यानं फोन खिशात ठेवायचा, गप्पांत पडायचं नाही आणि मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं. अर्ध्या तासानं टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची, तोंडानं सांगून. टोपी रिकामी असेल तर मुलं पाण्याबाहेर. हवा भरलेल्या ट्यूबवर भिस्त नको, वारा जमिनीकडून असेल तर ती मुलासकट आत जाते. कपडे भडक नारिंगी घ्या. निळा फ्रॉक पाण्यात दिसेनासा होतो.

भरतीची वेळ कोकणात कुणालाही विचारा. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. तिथून सहा तासांच्या थोडं पुढे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जास्त. लहान मुलं घेऊन जायचं तर अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती बरी. पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरवूच नये. आणि स्थानिक माणूस "आत जाऊ नका" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालणाऱ्या पर्यटकांचं मला नवल वाटतं.

एवढं करूनही मूल पाण्याखाली गेलंच, तर बाहेर काढल्यावर त्याला उलटं टांगणं आणि पोट दाबणं हे प्रकार करू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत उतरू शकतं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि तोवर दुसऱ्यानं 108 लावायचा. हे एकदा कुणाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून हात वळत नाही. मूल हसत-खेळत उठलं तरी पुढचे काही तास नजर ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास भरभर चालत असेल किंवा ते अवेळी पेंगत असेल, तर जेवणाचं पान वाढलेलं असलं तरी दवाखाना गाठा. तो कुठे आहे, हे खोलीवर सामान टाकतानाच विचारून ठेवावं.