लहान शाळांचे एकत्रीकरण आणि गावाचा कारभार



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी विषय शाळेचा घेतला आहे. शिवारफेरीला गेलो की बांधावर हमखास विचारणा होते, "साहेब, वस्तीवरची शाळा मोठ्या शाळेत घालणार म्हणतात, मग पोरांनी जायचं कसं?" विषय ऊसकऱ्याच्या दाराशी आलेला आहे, तेव्हा तो नीट समजून घेऊ.

प्रश्न कसा उभा राहिला

पाटाचे आणि विहिरीचे पाणी आले तसे आपले लोक गावठाण सोडून मळ्यात राहायला गेले. वस्त्या वाढल्या. लहान पोरांना गावातली शाळा लांब पडू लागली, म्हणून वस्तीवर एक-दोन खोल्यांच्या शाळा निघाल्या. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याखालील राज्याचे २०११ चे नियम यांनी पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे ठरविले.

पुढे घरटी मुले कमी झाली. काही मुले बसमध्ये बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली. वस्तीवरचा पट उतरला. २०१७ च्या अखेरीस १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने २० पर्यंत पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. अशा शाळा सुमारे १४ हजार ७०० आणि त्यांतील मुले सुमारे १ लाख ८५ हजार होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ ही उदाहरणे तेव्हा पुढे ठेवली गेली.

दोन्ही पारडी पाहू

एकत्रीकरणाच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे खोटे नाही. आठ मुले, चार इयत्ता आणि एकटे गुरुजी. त्यांतच माहितीचे तक्ते भरणे, बैठका आणि खिचडीचा हिशेब. कबड्डीचा संघ होत नाही, प्रयोगाचे सामान येत नाही. मोठ्या शाळेत इयत्तावार शिक्षक मिळतात.

दुसऱ्या पारड्यात अंतर आहे. गळीत हंगामात आपल्याच रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रंदिवस धावतात. त्या कडेने सहा वर्षांचे पोर चालवायचे काय? गाडी एक दिवस आली नाही की शाळा बुडते, आणि पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. शिवाय ऊसतोड टोळ्यांची मुले. कायद्याने त्यांना हंगामात केव्हाही शाळेत दाखल करून घ्यावे लागते. पण कोपीपासून चालत जाण्याजोगी शाळाच उरली नाही तर दाखला कोठे करणार?

अमेरिकेने काय केले

हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. १९३० च्या सुमारास तेथे सुमारे दीड लाख एकशिक्षकी शाळा होत्या. रस्ते झाले, मोटारी आल्या आणि त्या एकत्र होत गेल्या. शाळेच्या बसचा पिवळा रंगही १९३९ साली कोलंबिया विद्यापीठातील परिषदेत ठरला. तो आता आपल्याकडेही दिसतो.

तेथे नुसत्या शाळा एकत्र झाल्या नाहीत. शाळांचा कारभार पाहणारे शालेय जिल्हे असतात. बहुतेक जिल्ह्यांचे मंडळ लोक निवडून देतात. शिक्षक नेमणे आणि खर्च ठरविणे हे काम त्या मंडळाकडे. असे जिल्हे १९३९-४० मध्ये १ लाख १७ हजारांवर होते, आता १३ हजारांच्या आसपास आहेत. मोठ्या शाळांत विषय वाढले आणि सोयी वाढल्या, हे खरे. पण ज्या मंडळात शेजारचा शेतकरी बसे ते दूरच्या गावी गेले. इमारतीबरोबर गावाचा शब्दही गेला. आपण धडा घ्यायचा तो येथे.

आपल्याकडे तो शब्द शाळा व्यवस्थापन समितीचा आहे. कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे आणि शाळा विकास आराखडा करणे हे तिचे काम. शाळा मिटली की ही समितीही मिटते. समूह शाळेच्या समितीत आपल्या वस्तीचा कोणी असेलच, याची हमी नाही.

मधला मार्ग आहे

कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा संकुलाची कल्पना मांडली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही संकुल आहे. त्यात लहान शाळा जागेवर राहतात. खेळाचे आणि कलेचे शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय हे मात्र आसपासच्या शाळा मिळून वापरतात.

आपल्याला हे नवे नाही. गाळप एका ठिकाणी होते, पण उसाची नोंद करायला गट कार्यालय शिवाराजवळच असते, आणि वार्षिक सभेत लहान सभासदालाही एकच मत असते. मोठे यंत्र एकत्र घ्यावे, पण कारभाराचा दोर सभासदाच्या हाती ठेवावा.

सभासदांनी काय करावे

१) आपल्या शाळेचा पट, शिक्षक आणि इयत्ता यांचा आकडा आजच लिहून ठेवावा. टोळ्यांच्या मुलांची हंगामातील वेगळी नोंद करावी.

२) समितीची बैठक नियमित होते का आणि इतिवृत्त लिहिले जाते का, हे पाहावे. कागदावरची समिती वेळेला उपयोगी पडत नाही.

३) एकत्रीकरणाचा प्रस्ताव आला तर चार गोष्टी लेखी मागाव्यात: घरापासून शाळेचे मोजलेले अंतर, गाडीची सोय, तिचा खर्च दरवर्षी कोण देणार, आणि नव्या समितीत प्रत्येक वस्तीचा पालक.

४) पालकांशी बोलून ग्रामसभेत ठराव करावा. ठरावाने निर्णय फिरेलच असे नाही, पण आकड्यांसह दिलेला कागद जिल्हा परिषदेला वाचावा लागतो.

५) पोरे खरोखर दोन-चारच उरली असतील आणि वरच्या चारही गोष्टी पक्क्या मिळत असतील, तर हट्ट धरू नये. शाळा पोरांसाठी आहे, पाटीसाठी नाही.

खोडव्यात नांगी पडली तर सबंध प्लॉट मोडायचा की नांग्या भरायच्या, हे आपण डोळे मोगत मोजून ठरवितो. वस्तीवरच्या शाळेबाबतही आधी मोजावे आणि मग ठरवावे. ते ठरविताना आपण जागेवर हजर असावे, एवढेच सांगणे.

— ऊस विकास विभाग