बालकाचे हात रिकामे ठेवू नका
(शब्बाथ शाळेचे शिक्षक व पालक यांच्यासाठी पाठ)

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील शब्बाथ शाळेचा बालवर्ग माझ्याकडे होता. मुले तीन ते पाच वर्षांची. त्या दिवशी मी दावीद व गल्याथ यांची गोष्ट सांगत होतो. पुढे बसलेला चार वर्षांचा एक मुलगा मुठीत काहीतरी खुळखुळवीत होता. दोनदा दटावले तरी ऐकेना. शेवटी मी त्याची मूठ उघडली. आत पाचसहा गोटे निघाले. ते मी खिडकीबाहेर फेकले व त्याला हाताची घडी घालून बसविले. तो रडला नाही. पण पुढचे दोन रविवार वर्गात आला नाही.

उपासनेनंतर मंडळीतील एक वृद्ध भगिनी मला म्हणाल्या, "भाऊ, गोष्ट गोट्यांचीच सांगत होता ना? आणि ज्याच्या हातात गोटे होते, त्याचेच फेकून दिलेत!" मी निरुत्तर झालो. ईश्वरविज्ञानाची पदविका माझ्याजवळ होती. पण चार वर्षांचे मूल कसे शिकते, हे मला ठाऊक नव्हते. पुढे ते शिकण्याचा जो प्रयत्न केला, त्यातून हा पाठ तयार झाला आहे.

१. शास्त्र काय दाखविते?

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी दिला आहे. ताटात बेखमीर भाकर व कडू भाजी. मुले त्याचा अर्थ विचारतील, तेव्हा वडिलांनी तो सांगावा, असा क्रम तेथे आहे. दास्याचा कडूपणा प्रथम जिभेला कळतो, मग कानाला. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देनेतून काढलेले बारा धोंडे आहेत; तेही मुलांनी पाहावे व विचारावे म्हणूनच. आपल्या प्रभूने बालकांना दुरून उपदेश केला नाही. त्यांना कवेत घेऊन त्यांच्यावर हात ठेवले. अर्थात, आधी वस्तू, मग मुलाचा प्रश्न, मग आपले उत्तर. आपण नेमके उलटे करतो.

२. बालशिक्षणाचा अनुभव

इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. हात हे बुद्धीचे साधन आहे, हे तेथे त्यांनी दाखवून दिले. खरखरीत काचकागदाची अक्षरे मुले बोटाने गिरवीत व मग लिहू लागत. १९३९ साली त्या भारतात आल्या व महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या.

आपल्या ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण झोपडीपर्यंत नेले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने व खडे आले. पैसा नाही ही सबब त्यांनी आपल्यासाठी ठेवलेली नाही.

३. हातातून बुद्धीकडे

कणीक मळणे, पाणी ओतणे, दाणे निवडणे यांनी बोटांना बळ येते. हे बळ येण्यापूर्वीच पेन्सिल दिली, तर बोटे दुखतात आणि मूल लिहिण्याचाच कंटाळा करते. शिवाय शब्द अनुभवाला चिकटून येतात. 'खरखरीत' आणि 'गुळगुळीत' हे शब्द पाठ करून कळत नाहीत. वीट व गोटा हातात दिला की क्षणात कळतात.

आमच्या बेळगाव भागात मुलाच्या कानावर घरी मराठी, दारात कानडी व शाळेत इंग्रजी पडते. ते गोंधळते. पण मुठीत तांदूळ असला, तर 'तांदूळ', 'अक्की' आणि 'राइस' ही तिन्ही नावे त्या एकाच मुठीत मावतात.

४. घरी व वर्गात करण्यासारखे

(अ) परातीत बारीक वाळू पसरा. बोटाने रेघ, गोल व मग अक्षर काढू द्या. चुकले तर हात फिरविला की पाटी कोरी!

(आ) झाकणाच्या सारख्या डब्यांत वाळू, गहू व खडे घाला. घट्ट झाकण लावून आवाजावरून ओळखू द्या.

(इ) फडक्याच्या पुरचुंड्यांत लवंग, वेलदोडा, धणे बांधा. डोळे मिटून वास ओळखू द्या. पेरलेल्या बियांची गोष्ट सांगाल, तेव्हा वाटीत माती द्या व धणे पेरू द्या. पुढच्या रविवारी मूल आधी ती वाटी पाहील.

(ई) आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट असेल, तर पिशवीत ओळखीच्या वस्तू घालून न पाहता चाचपू द्या.

मूल करीत असताना आपण फार बोलू नये. त्याने विचारले की सांगावे.

५. सावधगिरी

तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालते. चिंचोके, मणी, शेंगदाणे व लहान खडे त्याच्यापासून दूर ठेवावेत; त्याला मळलेली कणीक पुरे. पाणी बादलीत थोडेच असले, तरी मुलाला त्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नये. खेळानंतर हात धुवावेत. अन्न तुडवू देऊ नये. वापरलेले दाणे पाखरांना घालावेत, म्हणजे तोही एक पाठ होतो.

पालकांची भीती मला कळते. शेजारचे मूल चौथ्या वर्षी इंग्रजी मुळाक्षरे लिहिते आणि आपले मातीत खेळते, असे त्यांना वाटते. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते सहा वर्षांचे शिक्षण खेळातून व कृतीतून व्हावे असेच म्हटले आहे. मातीतले मूल मागे पडलेले नसते. ते पाया घालीत असते.

तिसऱ्या रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेलो. जाताना ओढ्यावरून पाच गुळगुळीत गोटे वेचून नेले होते. ते त्याच्यापुढे ठेवले व म्हणालो, "मी चुकलो." तो काही बोलला नाही. एकेक गोटा हातात घेऊन पाहिला. एक मात्र मला परत दिला. "हा खरखरीत आहे," तो म्हणाला. गोष्ट त्याने नीट ऐकली होती.

विचारासाठी प्रश्न

१. गेल्या रविवारी आपल्या वर्गातील मुलांच्या हातात काय होते?
२. येत्या पाठातील कोणती वस्तू मुलांना हाताळता येईल?
३. आपण एखाद्या मुलाच्या हातातून काही काढून घेतले आहे काय? ते परत कसे देता येईल?