नारळाच्या झाडावरील चढाई : यंत्राचा सुरक्षित उपयोग

कोकणातील बागायतदारास नारळाची पाडणी हे नित्याचेच काम वाटते. बाणवली जातीचे पूर्ण वाढलेले झाड १५ मीटर वा त्याहूनही उंच जाते, आणि त्यावर वर्षातून अनेक वेळा चढावे लागते. पूर्वी गावोगाव पाडेली मिळत असत. आता ते थोडे उरले आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ सालापासून तरुणांना चढाई-यंत्राचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तो याच अडचणीवर उपाय म्हणून. यंत्रामुळे नवशिक्या माणसासही चढता येते. परंतु यंत्र चढण्याचे श्रम कमी करते, उंची कमी करीत नाही.

१२ मीटरांवरून निसटलेला माणूस सुमारे दीड सेकंदात भूमीवर येतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरांच्या आसपास असतो. एवढ्या अवधीत कोणासही सावरता येत नाही. सबब सावरण्याची सारी तरतूद पाय जमिनीवर असतानाच करून ठेवावयास हवी.

यंत्र कसे चालते?

उभ्याने चढावयाच्या यंत्राचे दोन सुटे भाग असतात. एक उजव्या पायासाठी व दुसरा डाव्या पायासाठी. प्रत्येक भागास पाय ठेवण्याची पट्टी, हाताची मूठ व खोडाभोवती घालावयाचा तारदोराचा फास असतो. पायावर भार पडला की फास खोडास घट्ट बसतो. भार काढला की तो सैल होतो आणि तो भाग वर सरकविता येतो. एका पायावर संपूर्ण भार देऊन दुसरा भाग उचलावयाचा, तो पक्का बसल्याची खात्री करून त्यावर भार द्यावयाचा, व मग पहिला उचलावयाचा, असा हा क्रम आहे. दोन्ही भागांवरील भार एकाच वेळी कधीही काढू नये.

खोड बुंध्याशी जाड व वर निमुळते असते. त्यामुळे खाली बरोबर बसलेला फास वर गेल्यावर सैल पडतो व पट्टी खाली कलू लागते. पट्टी कलताच पुढे न जाता फास कमी करून घ्यावा. हे जमत नसेल तर खाली उतरावे.

चढण्यापूर्वीची तपासणी

१. तारदोर बोटभर अंतराने पाहावा. एखादा धागा तुटला, दोर गंजला वा मुरगळला असल्यास तो बदलावा. गाठ मारून काम चालवू नये.

२. बोल्ट, पायाचे पट्टे व खोडास टेकणारे रबर पाहावे. त्यानंतर जमिनीपासून हातभर उंचीवर दोन्ही भागांवर उभे राहून भार देऊन पाहावा.

३. खोड पाहावे. ते ओले, शेवाळलेले, पोकळ, चिरलेले किंवा सोंडेकिड्याने पोखरलेले असल्यास चढू नये. पाऊस, जोराचा वारा वा विजांचा कडकडाट असता काम बंद ठेवावे.

४. शेंड्याकडे नीट पाहावे. गांधीलमाश्यांचे पोळे असल्यास ते झाड सोडावे.

५. विजेची तार झाडाजवळून जात असल्यास महावितरणकडून प्रवाह बंद करून घेतल्यावाचून चढू नये. उच्च दाबाच्या तारेचा धक्का प्रत्यक्ष स्पर्श न होताही बसू शकतो, आणि ओली झावळी वीज वाहून नेते.

वर असताना

सुरक्षा-पट्टा अंगभर बसणारा असावा व त्याचा दोर खोडाभोवती घेऊन बरोबर वर सरकवीत न्यावा. शेंड्याशी पोहोचल्यावरही तो सोडू नये. वाळलेल्या वा पिवळ्या झावळीस धरून तोल सांभाळू नये. ती देठासकट हातात येते. कोयता चढताना हातात न ठेवता कमरेस पाठीमागे अडकवावा, आणि दोरावर किंवा तारेवर त्याचा घाव पडणार नाही अशा बेताने चालवावा. झाडाखालची जागा मुले, गुरे व वेचणाऱ्या बायामाणसांपासून मोकळी ठेवावी.

एकट्याने कधीही चढू नये. खाली दुसरा जाणता माणूस, दुसरे यंत्र व लांब दोर असावा. पट्ट्यात लोंबकळत राहिलेल्या माणसाचे रक्ताभिसरण थोड्याच वेळात बिघडते. त्यास त्वरित उतरविणे हे पट्ट्याइतकेच महत्त्वाचे आहे.

अपघात झाल्यास

पडलेल्या माणसास उठवून बसवू नये, ओढू नये व पाणी पाजू नये. त्याचे डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरावी, रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाईने पाठीवर घेऊन नेल्यामुळे कण्याची इजा कायमची होऊ शकते.

बागायतदाराचे कर्तव्य

मजुरी झाडामागे ठरत असल्याने तपासणीत गेलेला वेळ पाडेल्यास तोट्याचा वाटतो. तो वेळ मजुरीत धरावा, आणि पाडेल्याने एखादे झाड नको म्हटले तर आग्रह करू नये. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास आहे. भूमिहीन पाडेली तीत बसत नाही. नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा ही विमा योजना अशा चढणाऱ्यांसाठी आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पाडेल्यांची यादी करून प्रत्येकाचा विमा उतरला आहे की नाही, हे पाडणीच्या हंगामापूर्वी पाहावे. बागेचे उत्पन्न ज्याच्या हातून खाली येते, त्याच्या घरच्यांची काळजी बागेच्या खर्चातच धरली पाहिजे.